लॅपटॉप चालू पण वायफाय गायब: डेबियन १२ वर वायरलेस बसवण्याचं एक पूर्ण प्रकरण

सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे, शासनमान्य ब वर्ग, खाली दोन खोल्या आणि वर माळा. तिथल्या एका सभासदाने जुना लॅपटॉप वाचनालयाला दिला. विंडोज ८.१ च्या काळातला, चार जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. काम फार नाही, पुस्तकांची नोंद कॅल्कमध्ये करायची, मेल बघायची, कधी एखादा फॉर्म ऑनलाइन भरायचा. विंडोज त्यावर फार रखडत होतं म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने त्यावर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं, हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपवालं लाइव्ह इमेज, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट चालणारं डेबियन, घेऊन. लॅपटॉप एकदम हलका चालायला लागला, मराठी टायपिंग झालं, प्रिंटर लागला, पण वायफाय नाही. नेटवर्कच्या आयकॉनवर क्लिक केलं तर आजूबाजूच्या वायफायची यादी सोडा, वायफाय हा शब्दच कुठे दिसत नव्हता.

मग तो लॅपटॉप एका दुकानात गेला. तिथे सांगितलं की लिनक्सवर वायफाय चालत नसतं, परत विंडोज टाका. ग्रंथपाल काकूंनी मला फोन केला, "अगं, त्या पोराने एवढी मेहनत केलीय, ती वाया जाऊ नये असं वाटतं, तू एकदा बघशील का?"

हे प्रकरण मी सविस्तर लिहितेय कारण अशा लॅपटॉपवर बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात, म्हणजे वायफाय दिसत नाही म्हणलं की वायरलेसची जी युटिलिटी सापडेल ती टाकत सुटतात, आणि चार-पाच पॅकेजं टाकून झाली की मग म्हणतात लिनक्सच खराब. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी चिप कुठली ते बघा, मग नेमकं काय नाहीये ते ठरवा, आणि युटिलिटी सगळ्यात शेवटी. या लॅपटॉपवर तेच केलं आणि त्याच क्रमाने सांगते.

आधी काय काय करून झालं होतं

त्या पोराने (मला ताई म्हणतो, हुशार आहे) दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पॅकेजं उतरवून पेनड्राइव्हने आणली होती. त्यात वायरलेस-टूल्स होतं, ब्रॉडकॉम या चिप कंपनीचं एक फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) पॅकेज होतं जे लाइव्ह इमेजबरोबर आधीच येतं, आणि फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर होतं. या शेवटच्याचं नाव बघून वाटतं की फर्मवेअर त्याच्या आतच आहे, पण ते पॅकेज इन्स्टॉल होताना फर्मवेअर नेटवरून उतरवतं, त्यामुळे नेट नसलेल्या मशीनवर ते अर्ध्यातच थांबतं. आणि नेट असतं तरी इथे उपयोग नव्हता, का ते पुढे येईलच.

मग त्याने आयडब्ल्यूकॉन्फिग ही वायरलेस कार्डं दाखवणारी कमांड चालवून बघितली. उत्तर आलं, 'एलओ: नो वायरलेस एक्स्टेन्शन्स' (एलओ म्हणजे मशीनचं स्वतःशीच बोलायचं इंटरफेस), आणि लॅनच्या पोर्टसमोरही तेच, 'नो वायरलेस एक्स्टेन्शन्स'. त्याला वाटलं एक्स्टेन्शन नावाचं काहीतरी इन्स्टॉल करायचं राहिलंय आणि दोन संध्याकाळी तो तेच शोधत बसला. पण या वाक्याचा अर्थ एवढाच की मी जेवढी इंटरफेस बघितली त्यातलं एकही वायरलेस नाही. टूल खरंच सांगत होतं, कर्नेलला, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याला, वायरलेस कार्डच दिसत नव्हतं, मग टूल तरी काय दाखवणार.

थोडं या टूलांबद्दल. आयडब्ल्यूकॉन्फिग, आयडब्ल्यूलिस्ट वगैरे वायरलेस-टूल्स मधली, जीन टूरिल्स यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेली, आणि त्या काळात लिनक्सवर वायरलेस म्हणजे हीच. नंतर कर्नेलमध्ये सीएफजी८०२११ आणि एनएल८०२११ ही नवी व्यवस्था आली आणि तिच्यासाठी आयडब्ल्यू हे नवीन टूल आलं. जुनी टूलं अजून मिळतात, चालतातही, पण नवीन शिकणाऱ्याने सरळ आयडब्ल्यूच शिकावं असं माझं मत आहे, कारण जुनी टूलं बऱ्याच गोष्टी दाखवतच नाहीत.

आणखी एक गोष्ट जी डेबियनवर सारखी अडवते. आयडब्ल्यू, आरएफकिल, मॉडप्रोब ही सगळी यूएसआर-एसबिन फोल्डरमध्ये असतात आणि साध्या युजरच्या पाथमध्ये (कमांड जिथे शोधली जाते त्या फोल्डरांच्या यादीत) ते फोल्डर नसतं. म्हणून साधं आयडब्ल्यू टाइप केलं की 'कमांड नॉट फाउंड' येतं आणि माणूस परत परत तेच पॅकेज इन्स्टॉल करत बसतो. सुडो लावून चालवा, किंवा रूट (सगळे अधिकार असलेला युजर) व्हायचं तर एसयू च्या पुढे मायनस देऊन व्हा, नुसत्या एसयूने पाथ बदलत नाही.

चिप ओळखली

पहिल्यांदा आरएफकिल लिस्ट बघितलं. रेडिओ बटणाने किंवा सॉफ्टवेअरने बंद केलेला असला तर तिथे 'सॉफ्ट ब्लॉक्ड' किंवा 'हार्ड ब्लॉक्ड' समोर येस दिसतं. सॉफ्ट असेल तर आरएफकिल अनब्लॉक ऑल ने सुटतं, हार्ड असेल तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण किंवा बाजूचा स्विच बघायचा. जुन्या लॅपटॉपवर कितीतरी वेळा प्रकरण इथेच संपतं म्हणून हे आधी बघायचं. इथे यादीत फक्त ब्लूटूथ होतं, वायरलेस लॅनची ओळच नव्हती. म्हणजे बंद वगैरे काही नाही, कर्नेलच्या हातात कार्डच आलेलं नाही.

मग एलएसपीसीआय, म्हणजे आतल्या कार्डांची यादी देणारी कमांड, पुढे मायनस एनएनके. या एनएनके ला महत्त्व आहे, त्याने नावाबरोबर आयडी नंबरही येतो आणि खाली कुठला ड्रायव्हर लागलाय तेही येतं. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत आलं ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, आयडी १४ई४:४३६५. आणि खाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही. काही लॅपटॉपवर याच चिपखाली बीसीएमए-पीसीआय-ब्रिज असं दिसतं आणि माणूस खूश होतो की ड्रायव्हर लागला, पण ते फक्त चिपच्या आतल्या बसशी बोलणारं मॉड्यूल (कर्नेलला जोडला जाणारा तुकडा) आहे, रेडिओ त्याने चालत नाही.

हा नंबर मिळाला की निम्मं काम झालं. कारण ब्रॉडकॉम एवढंच कळून काही होत नाही, एकाच कंपनीच्या चिपांना वेगवेगळे ड्रायव्हर लागतात. जुन्या काही चिपांना बी४३ लागतो, जो लोकांनी चिपचं वागणं बाहेरून अभ्यासून लिहिला आणि २.६.२४ पासून कर्नेलमध्ये आहे. २०१० मध्ये कंपनीने स्वतः एक मोकळा ड्रायव्हर दिला, त्यातून बीआरसीएमएसमॅक आणि बीआरसीएमएफमॅक आले, उदाहरणार्थ बीसीएम४३१३ त्यावर चालते. आणि बीसीएम४३१४२ या दोन्हीत बसत नाही. तिला कंपनीचा बंद ड्रायव्हरच लागतो, त्याचं मॉड्यूल म्हणजे डब्ल्यूएल, आणि डेबियनमध्ये त्याचं पॅकेज ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस. त्या पोराने आणलेलं बी४३ चं फर्मवेअर नेट असतं तरी का चाललं नसतं ते यावरून कळेल, ते दुसऱ्याच चिपांचं होतं.

फर्मवेअर वेगळं आणि ड्रायव्हर वेगळा

हे मी त्या पोराला नीट बसवून समजावलं, कारण गोंधळ सगळा इथेच आहे. ड्रायव्हर कर्नेलमध्ये चालतो, कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर. फर्मवेअर ही कार्डाच्या आत चालणारी गोष्ट, ड्रायव्हर ती फाइल उचलून कार्डात भरतो. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर नाही असं असेल तर डीमेस्ग (कर्नेलचे संदेश दाखवणारी कमांड) मध्ये 'फेल्ड टू लोड फर्मवेअर' सारखी ओळ आणि फाइलचं नाव स्पष्ट येतं. आमच्याकडे अशी ओळ वायफायसाठी नव्हतीच, कारण फाइल मागणारा ड्रायव्हरच नव्हता.

डेबियनचं यात असं आहे की आधी त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर नसायचं, ते वेगळं शोधून आणावं लागायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या डेव्हलपरांनी यावर मतदान घेतलं आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून नॉन-फ्री-फर्मवेअर नावाचा वेगळा विभाग करून तो इन्स्टॉलरबरोबर द्यायला लागले. फार चांगला निर्णय, इंटेलच्या वायफायवाले हजारो लॅपटॉप त्यामुळे पहिल्या बूटला नेटवर येतात. पण त्याने एक समज असाही पसरला की डेबियन १२ मध्ये वायफायचं सगळंच आत आहे. तसं नाही. आत आहे ते फर्मवेअर. बंद ड्रायव्हर अजूनही नॉन-फ्री या जुन्या विभागात आहेत आणि तो विभाग आपोआप चालू होत नाही. आमचा लॅपटॉप नेमका या फटीत सापडला होता.

नेट नाही तर नेटचा ड्रायव्हर कसा आणायचा

लॅनची वायर लावता आली असती पण राउटर माळ्यावर आणि वायर खाली पोचेल एवढी नव्हती. सोपा रस्ता म्हणजे फोन. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला त्यासाठी काही टाकावं लागत नाही, कर्नेलमध्ये ते ड्रायव्हर आहेतच, दोन सेकंदात ईएनएक्स ने सुरू होणारं किंवा यूएसबी० नावाचं इंटरफेस येतं आणि नेट सुरू. काकूंच्या फोनचं यूएसबी टेदरिंगचं बटण राखाडी राहिलं होतं, दाबलंच जात नव्हतं, कारण केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्या. माझी केबल लावल्यावर लगेच चालू झालं. बटण राखाडी दिसलं की पहिला संशय केबलवर घ्या. डेटाची काळजी नको, रोज दीड जीबीचा जो पॅक असतो त्यात हे आरामात बसतं.

फोन नसेल, किंवा गावात रेंजच नसेल, तर एपीटी-ऑफलाइन नावाचं चांगलं साधन आहे. ऋतेश राज सराफ या आपल्याच देशातल्या डेबियन डेव्हलपरने लिहिलेलं. नेट नसलेल्या मशीनवर यादीची फाइल बनवायची, ती पेनड्राइव्हने नेटवाल्या मशीनवर नेऊन पॅकेजं उतरवायची आणि परत आणून टाकायची. एक एक डेब फाइल हाताने शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि हाताने करताना एखादं राहतंच. फक्त एपीटी-ऑफलाइन स्वतः मात्र आधी मशीनवर असावं लागतं, म्हणून दुर्गम गावी मशीन पाठवणाऱ्यांनी ते टाकूनच पाठवावं.

ड्रायव्हर टाकताना

ईटीसी मधल्या एपीटी (पॅकेजं आणून टाकणारं डेबियनचं साधन) फोल्डरात सोर्सेस डॉट लिस्ट फाइल आहे. त्यात बुकवर्मच्या (डेबियन १२ चं नाव) प्रत्येक ओळीच्या शेवटी मेन आणि नॉन-फ्री-फर्मवेअर होतं, त्याच्यापुढे कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री हे दोन शब्द टाकले, सेव्ह केलं, एपीटी अपडेट.

आता पुढची पायरी बहुतेक जण चुकवतात म्हणून जरा थांबून सांगते. डब्ल्यूएल मॉड्यूल तयार मिळत नाही, ते तुमच्या मशीनवर तुमच्या कर्नेलसाठी बनवलं जातं. हे बनवण्याचं काम डीकेएमएस करतं, डेलच्या लिनक्सवाल्यांनी सुरू केलेलं साधन आहे ते. त्याला कर्नेलचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या कर्नेलच्या फाइली) लागतात आणि ते चालू कर्नेलशी तंतोतंत जुळावे लागतात. लाइव्ह इमेज काही महिन्यांपूर्वीचं असेल तर त्यातलं कर्नेल जुनं असतं, रिपॉझिटरीत तोवर नवं आलेलं असतं आणि जुन्याचे हेडर्स तिथून काढून टाकलेले असतात. मग दोनपैकी एक होतं. युनेम मायनस आर ने आलेला चालू कर्नेलचा नंबर जोडून हेडर्स मागितले तर 'अनेबल टू लोकेट पॅकेज' येतं. किंवा नुसते लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ टाकले तर नव्या कर्नेलचे हेडर्स येतात, मॉड्यूल नव्या कर्नेलसाठी बनतं, सगळं हिरवं दिसतं, आणि मॉडप्रोब डब्ल्यूएल केलं की 'मॉड्यूल डब्ल्यूएल नॉट फाउंड', कारण चालू आहे ते जुनं कर्नेल. या ठिकाणी लोक पॅकेज काढून परत टाकतात, परत काढतात, आणि काही उपयोग होत नाही.

म्हणून आधी पूर्ण अपग्रेड, मग रीबूट, मग युनेम मायनस आर बघून नवं कर्नेल चालू असल्याची खात्री, आणि त्यानंतरच लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ आणि ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस एका कमांडमध्ये. हेडर्सचं हे नंबर नसलेलं पॅकेजच घ्यायचं, कारण पुढे कर्नेल अपडेट झालं की हेच पॅकेज आपोआप नवे हेडर्स आणतं आणि डीकेएमएस मॉड्यूल परत बनवतं. नंबरवालं घेतलं तर पुढच्या अपडेटला वायफाय जातं आणि वाचनालयात बसलेल्या काकूंना कळणारही नाही की काय झालं. जुन्या हार्डडिस्कवर मॉड्यूल बनायला वेळ लागतो, स्क्रीनवर काही हलत नाही, तेव्हा विंडो बंद करू नका.

झाल्यावर डीकेएमएस स्टेटस केलं. ब्रॉडकॉम-एसटीए, व्हर्जन ६.३०.२२३.२७१, पुढे आमचं कर्नेल, आणि शेवटी 'इन्स्टॉल्ड'. हा ड्रायव्हर २०१५ सालचा आहे, त्यानंतर कंपनीकडून पुढचा आला नाही, नवीन कर्नेलांशी तो जुळवून ठेवायचं काम डेबियनसारखे डिस्ट्रोवाले पॅच लावून करतात. पॅकेज स्वतःच बी४३, बीसीएमए वगैरेंना ब्लॅकलिस्टमध्ये टाकतं, म्हणजे ते मध्ये येत नाहीत.

सिक्युअर बूट

मॉडप्रोब डब्ल्यूएल केलं आणि उत्तर आलं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. हे बघून नेटवर्कचा पासवर्ड नाकारला असं वाटू शकतं पण वायफायशी याचा संबंध नाही. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू आहे आणि आपण घरी बनवलेल्या मॉड्यूलवरची सही त्याला ओळखीची नाही, म्हणून कर्नेल ते आत घेत नाही. मोकयुटिल (सिक्युअर बूटच्या किल्ल्या सांभाळणारी कमांड) ला एसबी-स्टेट विचारलं तर 'एनेबल्ड' आलं, खात्री झाली.

दोन रस्ते होते. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करायचं, एका मिनिटाचं काम, आणि बहुतेक जण तेच सांगतात. मी ते केलं नाही. वाचनालयाचा लॅपटॉप आहे, उद्या बॅटरी बदलताना किंवा दुरुस्तीत कोणी बायोस डिफॉल्टला नेलं की सिक्युअर बूट परत चालू होणार आणि वायफाय परत गायब, आणि तेव्हा तिथे असं का झालं हे माहीत असलेलं कोणी नसेल. त्यापेक्षा सही ओळखीची करून द्यायची. डेबियन १२ मध्ये डीकेएमएस स्वतःची किल्ली बनवून मॉड्यूलवर सही करतं, ती किल्ली व्हीएआर-लिब-डीकेएमएस मध्ये मोक डॉट पब नावाने असते. मोकयुटिल इम्पोर्ट करून तिची नोंद टाकली, त्याने एक पासवर्ड मागितला, हा एकदाच लागतो, पुढच्या बूटला, म्हणून सोपा आणि फक्त आकडे घेतले. आकडे का, तर पुढची स्क्रीन इंग्रजी कीबोर्ड धरून चालते, चिन्हांची जागा बदलू शकते.

रीबूट केल्यावर निळी स्क्रीन येते, 'कोणतीही की दाबा' म्हणते आणि थोडे सेकंदच थांबते. नाही दाबली तर सरळ डेबियन चालू होतं आणि नोंद होत नाही, मग इम्पोर्ट परत करावं लागतं. काकू शेजारी बसल्या होत्या, निळी स्क्रीन बघून म्हणाल्या, "बाई, बिघडलं की काय?" बिघडलेलं नव्हतं. 'एनरोल मोक', मग 'कंटिन्यू', मग 'येस', तो आकड्यांचा पासवर्ड, आणि रीबूट. डेबियन चालू झालं आणि नेटवर्कच्या आयकॉनमध्ये यादी आली, वाचनालयाचं नाव, शेजारच्या मेडिकलचं, पलीकडच्या सोसायटीचं. तो पोरगा खुर्चीवरून उठलाच.

डीमेस्ग मध्ये एक ओळ येते की डब्ल्यूएल चं लायसन्स प्रोप्रायटरी आहे आणि कर्नेल 'टेंट' झालं. घाबरायचं काही नाही, बंद मॉड्यूल आत आहे एवढी नोंद आहे ती.

आता युटिलिटी

वायफाय चालू झाल्यावर युटिलिटींना अर्थ आला. वाचनालयाच्या राउटरवर दोन नावं आहेत, एक साधं आणि एक शेवटी ५जी वालं, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचं. काकूंना ५जी वालं हवं होतं, ते यादीत येईना. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि एकाच अँटेनाच्या प्रवाहाची आहे, २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर तिची लिंक ७२ एमबीपीएसच्या वर जात नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतं. कॅल्क आणि मेलला ते पुष्कळ झालं. राउटरमध्ये सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवली, कारण डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये आणि ड्रायव्हर त्याच्या आधीचा.

रोज वापरायला आयकॉन पुरेसा आहे. पण त्या पोराला एनएमटीयूआय दाखवलं, टर्मिनलमध्ये बाणांनी चालतं, डेस्कटॉप बिघडला तरी नेट जोडता येतं. आणि एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस, कारण त्यात एका नजरेत कळतं की कार्ड 'कनेक्टेड' आहे, 'डिस्कनेक्टेड' आहे की 'अनमॅनेज्ड'. शेवटचं आलं तर ईटीसी-नेटवर्क मधल्या इंटरफेसेस फाइलमध्ये त्या कार्डाचं नाव लिहिलेलं आहे का बघायचं, तिथे असेल तर नेटवर्कमॅनेजर (आयकॉनमागचं नेट जोडणारं साधन) त्याला हात लावत नाही. टेक्स्ट इन्स्टॉलरमधून वायफायवर डेबियन टाकलेल्यांना हे बऱ्याचदा भेटतं.

सगळ्यात उपयोगाचं ठरलं वेव्हमॉन, सिग्नल मोजून दाखवणारं टूल. काकूंची तक्रार आली की टेबलावर बसलं की नेट तुटतं, दाराशी गेलं की येतं. तो पोरगा लगेच पॉवर सेव्हिंग बंद करायला निघाला, आणि तो उपाय खरा आहे, नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ मध्ये वायफाय डॉट पॉवरसेव्ह बरोबर २ लिहिलं की बंद होतं. पण आधी मोजून तर बघू म्हणलं. वेव्हमॉन चालू करून लॅपटॉप हातात घेऊन खोलीभर फिरलो. टेबलावर सिग्नल उणे ८० च्या आसपास डीबीएम, खिडकीकडच्या बाजूला उणे ६० च्या आसपास. हा आकडा उणे असतो आणि शून्याकडे जाईल तितका चांगला, उणे ७० च्या खाली गेलं की जुनी कार्डं कुरकुरायला लागतात. टेबल आणि माळ्याच्या जिन्यामध्ये पुस्तकांची लोखंडी कपाटं उभी आहेत, ओळीने, वरपर्यंत भरलेली, सिग्नल तिथेच अडत होता. टेबल खिडकीकडे सरकवलं. पॉवर सेव्हिंगला हात लावावा लागला नाही.

डोंगल घेतला असता तर

हा प्रश्न तिथे निघाला, की एवढं करण्यापेक्षा पाचशे रुपयांचा यूएसबी डोंगल का नाही. त्या पोराकडे एक होताही. लावला तर वायफायच्या ऐवजी डेस्कटॉपवर सीडीचा आयकॉन आला. एलएसयूएसबी (यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी) मध्ये आयडी ०बीडीए:१ए२बी. असे डोंगल आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवतात, आत विंडोजचा ड्रायव्हर असतो, आणि मग यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज त्यांना वायफायच्या रूपात आणतं. ते केल्यावर आयडी ०बीडीए:सी८११ झाला, म्हणजे रियलटेकची ८८११सीयू चिप. या घराण्याच्या यूएसबी चिपांचा आधार कर्नेलमध्ये आला ६.२ पासून, आणि डेबियन १२ चं कर्नेल ६.१. थोडक्यात तिथेही बाहेरचा ड्रायव्हर बनवावाच लागला असता, फक्त दुसरा. डोंगल घ्यायचाच असेल तर पाकिटावरचं नाव बघून घेऊ नका, आतली चिप आणि तिचा ड्रायव्हर कुठल्या कर्नेलपासून आत आहे ते बघा. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन मध्ये पहिल्या व्हर्जनला अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ होती जी लिनक्सवर फार छान चालते, पुढच्या व्हर्जनला नाव तेच आणि आत चिप रियलटेकची. नावावर जाऊन घेणाऱ्यांची तिथे खूप फसगत झालीय.

पुढचं

निघायच्या आधी एक कर्नेल अपडेट मुद्दाम होऊ दिलं आणि रीबूट करून बघितलं. डीकेएमएस ने मॉड्यूल नव्यासाठी बनवलं, सही केली, किल्ली तीच असल्यामुळे निळी स्क्रीन परत आली नाही, वायफाय लागलं. असं केल्याशिवाय मी कुठलंही मशीन परत देत नाही. वाचनालयाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं: वायफाय गेलं तर चालू करताना ग्रबमध्ये (सुरुवातीला येणारा मेनू) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचं कर्नेल निवडा, काम चालू ठेवा, मग डीकेएमएस स्टेटस बघा. फोनची टेदरिंगची केबलही त्याच कपाटात ठेवली.

ब्लूटूथ तसंच सोडलं. त्याच चिपवर आहे, पण त्याला एचसीडी शेवट असलेली वेगळी फर्मवेअर फाइल लागते, डीमेस्ग ती मागतंय, वाचनालयाला ब्लूटूथ लागत नाही. डेबियन १३ ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, त्याचं कर्नेल ६.१२. त्या पोराला ते टाकायची घाई झालीय. मी थांब म्हणलंय, कारण १२ ला एलटीएस (लांब मुदतीचा आधार) धरून जून २०२८ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत आणि बाहेरचा ड्रायव्हर असलेल्या मशीनला मोठी उडी मारायच्या आधी तो ड्रायव्हर नव्या कर्नेलवर बनतोय का ते दुसऱ्या डिस्कवर करून बघायला हवं. जुनी एक डिस्क त्याच्या घरी पडलीय, दिवाळीच्या सुट्टीत त्यावर बघू असं ठरलंय.